टोचनवरून उतरलेली गाडी: दुरुस्त करायची की सोडून द्यायची?

पावसाळ्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर बॉनेट उघडून उभी असलेली एक तरी गाडी दिसतेच. २०२१ च्या जुलैमध्ये ती माझी होती. २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, रनिंग १ लाख ५ हजार, तापमानाचा काटा लाल रेषेला टेकलेला आणि मागे ट्रकवाल्यांचे हॉर्न. टोचनवाला येईपर्यंत मी मनातल्या मनात गाडी विकून मोकळा झालो होतो. अर्ध्या तासाने बायकोचा फोन आला. "किती का खर्च येईना, करून घे, दुसरी घ्यायची आत्ता ताकद नाही," ती म्हणाली, आणि मी लगेच तिकडे झुकलो. कशाला काय झालंय, हे तोवर आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत पहिल्यांदाच जुनी गाडी बाळगणाऱ्यांसाठी, त्या वेळी कोणी मला सांगायला हवं होतं ते इथे क्रमाने लिहितो आहे.

१. रस्त्यावर काहीच ठरवू नका

हजार्ड लाइट लावा, त्रिकोण मागे ठेवा, माणसांना उतरवून डाव्या कडेला लांब उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, एरवी ११२. टोचनला फोन करण्याआधी विम्याची पॉलिसी उघडून बघा. 'रोडसाइड असिस्टन्स' घेतलेला असतो आणि निम्म्या लोकांना त्याचा पत्ता नसतो. गाडी ऑटोमॅटिक असेल तर चाकं जमिनीवर फिरवत ओढू देऊ नका, फ्लॅटबेडच (अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक) मागवा. इंजिन तापलं असेल तर रेडिएटरचं झाकण तासभर तरी उघडायचं नाही.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून बघायची नाही, एकदाही नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइल बदलून आणि सुकवून भागलं असतं असं काम एका चावीत इंजिन उतरवण्यावर जातं. शिवाय विमा कंपनी 'मालकाने नंतर स्टार्ट मारला' या मुद्द्यावर क्लेम अडवू शकते.

टोचनवाला विचारतो, "कुठे सोडू? माझ्या ओळखीचं गॅरेज आहे." नाही म्हणा. ओळखीचा मेकॅनिक नसेल तर गाडी सरळ सोसायटीत आणा. दुसऱ्यांदा टोचन करायला दीड-दोन हजार जास्त जातील, जाऊ देत. कोणाच्या तरी शेडमध्ये चाकं काढून उभी असलेली गाडी तिथून हलवणं फार अवघड असतं. अर्ध्याहून जास्त चुकीची कामं केवळ 'आता आणलीच आहे तर' म्हणून होतात.

२. निदानाचे पैसे वेगळे द्या

पहिल्या गॅरेजमध्ये मी हीच चूक केली. माणसाने ऑइल फिलरचं झाकण काढलं, आतला दुधाळ फेस दाखवला आणि म्हणाला, "इंजिन गेलं. हाफ इंजिन काम, ७५ हजार धरा." तपासणी फुकट होती, त्यामुळे तितकीच झाली. वागळे इस्टेटमधल्या दुसऱ्या मिस्त्रीने तपासायचे १,२०० रुपये आधी मागितले, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, कूलिंग सिस्टिमला प्रेशर लावून बघितलं. वॉटर पंप गळत होता, त्यामुळे इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं डोकं, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधलं सील) उडालं. खालचं इंजिन शाबूत. हेड उतरवून फेसिंग (त्याचा पृष्ठभाग घासून सपाट करणं), गॅस्केट, पंप, थर्मोस्टॅट, कूलंट, लेबर, सगळं मिळून ३८ हजार.

दुधाळ ऑइल म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलं, एवढंच. ते कुठून आलं हे मोजल्याशिवाय कळत नाही. स्कॅनरच्या कोडचंही तसंच आहे. कोड तक्रार सांगतो, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि दोष निघाला फाटलेल्या हवेच्या पाइपचा, अशा गोष्टी रोज होतात.

एस्टिमेट लेखी घ्या. पार्ट, लेबर आणि जीएसटी वेगवेगळे लिहायला लावा. पार्ट कंपनीचा, त्याच दर्जाचा बाहेरचा की कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून आणलेला, हे प्रत्येक ओळीपुढे लिहून घ्या. कुर्ल्याचा जुना माल वाईटच असतो असं नाही. दरवाजा, आरसा, हेडलाइट, क्वचित गिअरबॉक्सही तिथून चांगला मिळतो. ब्रेक, स्टिअरिंग आणि रबरी वस्तू मात्र जुन्या घेऊ नयेत. "उघडल्यावर कळेल" असं मिस्त्री म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं समजू नका, बऱ्याचदा ते खरंच असतं. तुम्ही फक्त आकडा ठरवा: इतक्याच्या वर गेलं तर काम थांबवून मला फोन.

हातातलं एस्टिमेट जुनं असेल तर नवीन मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. आधी बऱ्याच भागांवर २८ होता.

३. भाग मेलाय की गाडी थकलीय?

हातात निदान आलं की बिलाचा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा आणि हा प्रश्न विचारा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच.

क्लच प्लेट, बॅटरी, अल्टरनेटर, वॉटर पंप, लोअर आर्म, शॉकअप हे संपणारेच भाग आहेत. माजिवडा ते कासारवडवली रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीचा क्लच महामार्गावरच्या गाडीइतका टिकणार नाही, आणि आपले खड्डे सस्पेन्शनला सोडत नाहीत. असा भाग गेला म्हणून गाडी वाईट झाली नाही. नवीन गाडी घेतलीत तरी चार वर्षांनी तिचाही क्लच याच रस्त्यावर संपणार आहे. एक मोठा पण एकटा बिघाड, बाकी गाडी घट्ट, तर बहुतेक वेळा दुरुस्तीच करावी.

टायमिंग बेल्टवाल्या गाडीचं थोडं वेगळं आहे. बेल्ट वेळेवर बदलणं स्वस्त असतं, पण तो चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. तरीही हा एका जागचाच बिघाड.

थकलेली गाडी वेगळी ओळखू येते. निळा धूर निघतो, दर हजार किलोमीटरला ऑइल टाकावं लागतं, एसीचा कॉम्प्रेसर आवाज करतो, पॉवर विंडो मनात येईल तेव्हा चालते, आणि गेल्या वर्षभरातली गॅरेजची बिलं एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टींची असतात. तिथे आजचं बिल कितीही छोटं असलं तरी ते शेवटचं नसतं.

मग पत्रा. खाडीलगत राहणाऱ्यांनी, म्हणजे कोलशेत, कळवा, ऐरोली, वाशी, पाम बीच या पट्ट्यातल्यांनी, हा भाग जरा नीट वाचावा. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण ज्या पत्र्यावर हे सगळं टांगलेलं असतं तो कुजला की खेळ संपतो. गाडी लिफ्टवर चढवा आणि स्वतः खाली उभं राहून बघा. दरवाजाखालचा सिल, मागच्या चाकांच्या कमानी, सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) आणि पुढच्या शॉकअपचं डोकं जिथे बसतं ती जागा बघा. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डाही बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या बाजूने ठोका. टणटण आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले तर वर रंग कितीही चकचकीत असो, तिच्यावर इंजिनाचा खर्च करू नका. बॉडीवरचा वरवरचा गंज चालतो. भार घेणाऱ्या जागेवरचा नाही.

पुराच्या पाण्यातली गाडी ही तिसरी जात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ठाणे-कल्याणपर्यंत गाड्या बुडाल्या, आणि त्यातल्या कित्येक पुढची काही वर्षं सेकंडहँड बाजारात फिरत राहिल्या. तो दिवस एकदाच आला असेल, पण ठाण्यात वंदना टॉकीजच्या बाजूला आजही जोराच्या पावसात पाणी साचतं. नवी मुंबईची बरीच जमीन भरतीच्या पातळीला इतकी जवळ की सिडकोला धारण तलाव (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून धरणारे) बांधावे लागले. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला की बेसमेंटमधली गाडी वर काढून ठेवावी. पाणी कुठवर आलं त्यावर निर्णय ठरतो. नुसतं कार्पेट भिजलं तर सीट काढून सुकवा, ब्रेक आणि व्हील बेअरिंग तपासा, गाडी वाचते. सीटच्या वर गेलं तर सीटखालचे कनेक्टर, एअरबॅगचा मेंदू, वायरिंग सगळं भिजलेलं असतं. डॅशबोर्ड बुडाला असेल तर गाडी आज सुरू झाली तरी सहा महिन्यांनी कनेक्टर हिरवे पडून वेगवेगळ्या तक्रारी सुरू होतात. ती ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

४. आता हिशोब

"बिल गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर विकून टाका" असं सगळे सांगतात. सोपं आहे, म्हणून चालतं. पण बंद गाडीला तिची चालू किंमत मिळत नाही, हे त्यात धरलेलंच नसतं.

तीन आकडे लिहा: चालू स्थितीत ही गाडी आज कितीला जाईल, आहे तशी बंद कितीला जाईल, आणि दुरुस्ती किती. पहिल्या दोन आकड्यांसाठी दोन-तीन वेगवेगळ्या दलालांना विचारा. त्यांच्या आकड्यांत वीस-तीस हजारांचा फरक सहज पडतो. माझे आकडे होते १ लाख ४० हजार, ४० हजार आणि ३८ हजार. म्हणजे ३८ घातले की किंमत १०० हजाराने वाढत होती. अशा वेळी विकायची असली तरी आधी दुरुस्त करूनच विकावी. तेच दुरुस्तीचं बिल १ लाख १० हजार असतं तर विकण्यासाठी दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता.

ठेवायची असेल तर पुढच्या वर्षभरात येणारी कामंही लिहा. मिस्त्रीला थेट विचारा, "ही तुमची गाडी असती तर वर्षात काय काय काढलं असतं?" मला उत्तर मिळालं: टायर १४ हजार, पुढचं सस्पेन्शन १२, बॅटरी ५. म्हणजे आणखी ३१. आजचे ३८ धरून ६९. बंद गाडी विकून मिळाले असते ते ४० हजार मी सोडत होतो, तेही खर्चातच धरले. झाले १ लाख ९ हजार. दोन वर्षं वापरून शेवटी गाडीची किंमत शून्य झाली असं वाईटात वाईट धरलं तरी महिना साधारण साडेचार हजार पडत होते. समोर नवीन गाडीचं ६ लाखांचं कर्ज, ९ टक्क्यांनी ५ वर्षं: हप्ता साधारण १२,४५५. विमा वेगळा.

या हिशोबात 'आत्ताच तर एसीचं १८ हजारांचं काम केलंय' हे येत नाही. गेलेले पैसे गेले. पण त्या कामाचा उरलेला उपयोग मात्र येतो. टायर नवीन असतील तर पुढच्या वर्षाच्या यादीतून ते १४ हजार खोडा. एवढाच जुन्या खर्चाचा मान.

जे आकड्यात बसत नाही तेही लिहून ठेवा. घरात डायलिसिसला किंवा केमोला जाणारं माणूस असेल, रात्रपाळीवरून महापेहून एकटं यावं लागत असेल, तर 'बहुतेक सुरू होईल' अशी गाडी चालत नाही. एअरबॅग आणि एबीएस नसलेल्या गाडीतून रोज द्रुतगती मार्गावर जाणार असाल तर हिशोब काहीही म्हणो, बदला.

५. विमा कुठे कामाला येतो

जुना होऊन गेलेला क्लच किंवा गॅस्केट विम्यात बसत नाही. अपघात, पूर, आग, चोरी बसते, तीही 'ओन डॅमेज' (आपल्याच गाडीचं नुकसान भरून देणारा भाग) असेल तरच. नुसत्या थर्ड पार्टीत काही नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला तर टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं, धरतात. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी हप्ता वाचवायला आयडीव्ही कमी करून घेणं महागात पडतं. झिरो डेप (भागांच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर) नसेल तर रबर, प्लास्टिक आणि बॅटरीच्या किमतीतला निम्मा भाग तुमच्या खिशातून जातो. इंजिनात पाणी शिरण्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घ्यावं लागतं. आपल्या भागात ते घ्यावंच.

६. कागद

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ५-५ वर्षं वाढवता येते. १० वर्षांची डिझेल आणि १५ वर्षांची पेट्रोल गाडी बंद करायचा जो नियम ऐकू येतो तो दिल्ली परिसराचा आहे. एमएच-०४ (ठाणे) आणि एमएच-४३ (नवी मुंबई) वाल्यांनी त्या भीतीने गाडी फुंकून टाकू नये. दलाल मात्र ही भीती आवर्जून घालतात.

फुकट काहीच नाही पण. कारच्या पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झालं, आणि २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. वर पर्यावरण कर. अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाटी लागते. चौदाव्या वर्षी मोठं काम निघालं तर मिस्त्रीला एवढंच विचारा की ही गाडी तपासणीत पास होईल का. पत्रा, ब्रेक, दिवे आणि धूर ठीक असेल तर होते.

७. सोडायचं ठरलं तर

बंद गाडी सोसायटीत उभी ठेवून 'बघू दिवाळीनंतर' करू नका. पावसाळ्यात उंदीर वायरिंग खातात, टायर एका जागी चपटे होतात, बॅटरी मरते, आणि दुसऱ्या दलालाचा भाव पहिल्याहून कमी येतो. वर सेक्रेटरीची चिठ्ठी.

विकलीत तर फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे अर्ज) नुसत्या सह्या करून मोकळे होऊ नका. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर त्या गाडीने केलेल्या अपघाताची भरपाई तुमच्या दारात येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ देऊन आधी आरसीवरची एचपी (कर्जाची नोंद) उतरवा, चलनं भरा. नाव बदलल्याचं परिवहनच्या साइटवर स्वतः बघेपर्यंत काही हजार रुपये मागे ठेवा. चांगला दलाल याला हरकत घेत नाही.

भंगारात काढायची असेल तर नाक्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका, नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं. त्यावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं आणि रस्ता करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात खाजगी गाडीसाठी तिची मर्यादा २५ टक्के आहे, राज्य त्याच्या आत ठरवतं. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर पडतो, म्हणजे ही रक्कम अगदीच किरकोळ नाही.

नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ३ वर्षं चालतं. पाच वर्षं क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यात ५० टक्के सूट. शोरूमचा सेल्समन हे आपणहून विचारेलच असं नाही.

आणि दुसरी गाडी लगेच घ्यायलाच हवी का? वाशी ते ठाणे ट्रान्स-हार्बर लोकल २००४ पासून आहे, बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून. ऑफिस स्टेशनाजवळ असेल तर दोन महिने गाडीशिवाय काढून बघा, रिक्षा-कॅबचा खर्च वहीत मांडा. माझ्या ओळखीतल्या दोन घरांनी असं केलं. एकाने गाडी घेतलीच नाही, दुसऱ्याने पहिल्या पावसात घेतली.

८. दुरुस्त करायचं ठरलं तर

अर्ध्यापेक्षा जास्त आगाऊ देऊ नका. काढलेले जुने भाग डिकीत ठेवायला सांगा. ते तुमचे आहेत. हेड उतरतंच आहे तर त्याच लेबरमध्ये बसणारी छोटी कामं, म्हणजे होस पाइप, बेल्ट, ऑइल सील, करून घ्या. न बसणारी मोठी कामं त्याच वेळी काढू नका. आधी हे टिकतंय का ते बघा.

गाडी ताब्यात घेताना गल्लीतून एक चक्कर पुरत नाही. ठाणेकरांनी एसी लावून संध्याकाळी माजिवड्याहून गायमुखपर्यंत रांगत जावं, तापमानाचा काटा तिथेच खरं बोलतो. क्लचसाठी दिवसा उपवनहून येऊरचा चढ. नवी मुंबईकरांना पाम बीचवर स्टिअरिंगची थरथर कळते आणि पारसिक हिलच्या चढावर क्लच. मिस्त्रीला शेजारी बसवून न्या, तोही येतो.

मी ३८ हजार दिले, नंतरचे ३१ ही हळूहळू गेले. गाडी अजून आहे, यंदा तिची पंधरा वर्षं भरतात. हेड गॅस्केट झालं असेल तर पहिले ५०० किलोमीटर रोज सकाळी इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीवरची रेघ बघा, आणि ती सलग दोन दिवस खाली गेली तर गाडी सुरू न करता मिस्त्रीला बोलवा.